वाकेन, पण गळणार नाही

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने रचली, त्याने मोटरहोम पाहिलेलं नव्हतं हे उघड आहे. नाहीतर ‘आणि दोन्ही पाहावीत चाकांवर ठेवून’ एवढी भर त्याने नक्की घातली असती. मोटरहोम म्हणजे स्वयंपाकघर, बिछाना, संडास आणि इंजिन हे चौघे एकाच छपराखाली नांदतात असं वाहन. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्या गावातून विनेबागो कंपनीने १९६६ साली आपलं पहिलं मोटरहोम बाहेर काढलं. पुढे १९७३ ते १९७८ या काळात जनरल मोटर्सने जीएमसी मोटरहोम नावाचं, पुढच्या चाकांवर चालणारं एक देखणं धूड सुमारे तेरा हजारांच्या संख्येने बनवलं. ही धुडं अजूनही रस्त्यावर दिसतात. मालक निवृत्त आणि गाडी नोकरीत, असा हा प्रकार आहे. मालकाला गाडीच्या कार्ब्युरेटरची जन्मकुंडली पाठ असते, टायर कोणत्या साली बदलले ते लग्नाच्या वाढदिवसापेक्षा पक्कं लक्षात असतं. पण खिडकीची काच ज्या पट्टीत सरकते ती शेवटची कधी बदलली असं विचारलं, की तो आपल्याकडे असा बघतो, जणू आपण त्याच्या पणजोबांच्या आत्याचं नाव विचारलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की जुनं मोटरहोम इंजिनाने मरत नाही, या पट्टीने मरतं. इंजिन दुसरं मिळतं. कुजलेली भिंत मात्र कुठल्याच दुकानात तयार मिळत नाही.

आता या पट्टीचं पहिलं दुर्दैव असं, की तिला धड नावही नाही. अमेरिकन माणूस तिला ‘फझी’ म्हणतो, म्हणजे लवदार. जरा जाणता असेल तर ‘मोहेअर’ म्हणतो. मराठी कानाला हा शब्द मोहोर आणि माहेर यांच्या मधे कुठेतरी पडतो, पण मोहेअर म्हणजे अंगोरा जातीच्या शेळीचे केस. एके काळी मोटारींच्या काचांच्या खाचेला खरोखरच त्यांचं अस्तर असे. आज ती लव प्लास्टिकच्या धाग्याची असते; शेळी गेली, नाव राहिलं. आपल्याकडे फ्लॅटला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवणारे कारागीर हिच्याच चुलत बहिणीला ‘वूल पाइल’ म्हणतात, आणि त्या लोकरीत मेंढी औषधालाही सापडत नाही. बरं, पट्टी एकटी नसते. काच जिच्यात सरकते ती लवदार खाच, सरकती काच जिथे येऊन टेकते तिथली उभी रबरी पट्टी, न सरकणाऱ्या काचेभोवतीची बिडिंग, आणि अख्खी चौकट भिंतीला जिथे भिडते तिथली ब्युटाइलची चिकट फीत, असं ते चौघींचं एकत्र कुटुंब असतं. मालक या चौघींना मिळून ‘ते रबर’ म्हणतो. जिला नाव नाही तिची चौकशी कोण करणार? घरात सर्वांत जास्त राबणाऱ्या माणसाचीही अनेकदा हीच गत असते, पण तो विषय वेगळा आणि धोक्याचा आहे.

राबणं किती, ते पाहा. आपल्या जुन्या घरांना वळचण असायची. छप्पर भिंतीच्या पुढे हात-दोन हात आलेलं असायचं, पागोळ्या अंगणात पडायच्या आणि खिडकीला पाऊस दिसायचा, लागायचा नाही. मोटरहोमला वळचण ठेवता येत नाही. त्या काळी अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीला आठ फूट रुंदीची मर्यादा होती, आणि त्यातला वीतभर भाग छपराच्या झालरीवर उधळायला कुणी तयार नव्हतं. त्यामुळे छपरावरचं पाणी थेट खिडकीच्या डोक्यावर येतं. शिवाय साध्या घराला वादळ वर्षातून एखाद्या वेळी भेटतं. मोटरहोम दर शनिवारी स्वतःहून वादळ ओढवून घेतं. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनात ताशी ८९ ते १०२ किलोमीटर वाऱ्याला दहावा क्रमांक आहे, आणि मोटरहोम ताशी १०० किलोमीटरने पावसातून जातं तेव्हा त्याच्या लेखी हेच हवामान असतं. एवढा वारा सरळ समोरून आला, तर त्याचा दाब जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटर उंचीचं पाणी तोलून धरतो. खिडकीच्या खालच्या खाचेची कड त्याहून बरीच बुटकी असते. बाजूच्या खिडकीवर एवढा जोर सहसा येत नाही, हे मान्य. पण आडवा वारा सुटला किंवा शेजारून एखादा ट्रक सूं करून गेला, की काच आधी बाहेर ओढली जाते, मग आत ढकलली जाते, आणि त्या धक्काबुक्कीत पाण्याला रस्ता मिळतो. वर खड्डे आहेतच. एसटीच्या खिडकीपाशी बसून प्रवास केलेल्या माणसाला सरकती काच म्हणजे काय वाद्य असतं हे सांगायला नको. फरक इतकाच, की एसटीत आपण तासा-दोन तासांनी उतरतो. मोटरहोममध्ये त्या वाद्याशेजारी झोपायचं असतं.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. सरकत्या खिडकीकडून आपण दोन परस्परविरोधी गोष्टी मागतो. ती घट्ट बंद व्हावी, आणि एका बोटाने उघडावी. घट्ट धरलं तर सरकत नाही, आणि सरकू दिलं तर घट्ट बसत नाही. हा पेच सोडवता येत नाही हे खिडकी बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच ओळखलं आणि एक शहाणी तडजोड केली. लवदार पट्टी पाणी पूर्ण अडवेल, अशी त्यांची अपेक्षाच नाही. तिने वारा मोडायचा, धूळ धरायची, काचेचा खडखडाट बंद करायचा आणि पाण्याचा जोर काढून घ्यायचा. त्यातूनही जे पाणी आत येईल ते खालच्या खाचेत साचेल, आणि त्या खाचेला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं ठेवलेली असतात, त्यांतून ते निमूट बाहेर जाईल. म्हणजे चांगली सरकती खिडकी पाण्याला ‘येऊ नकोस’ म्हणत नाही. ‘आलास, बस, आणि या बाजूने नीघ’ असं म्हणते. नको असलेल्या पाहुण्याशी कसं वागावं याचा याहून चांगला वस्तुपाठ पुण्यातही मिळणार नाही. हे एकदा ध्यानात आलं, की जुन्या मोटरहोमच्या खिडक्यांवर होणाऱ्या बहुतेक उपचारांचं स्वरूप उघडं पडतं. ते उपचार पट्टीचं काम भोकाकडून आणि भोकाचं काम पट्टीकडून करून घेऊ पाहतात.

ज्याला हे तत्त्व अवघड वाटेल त्याने स्वयंपाकघरात जाऊन कुकरकडे बघावं. कुकरला झाकणाची रिंग असते आणि शिट्टी असते. रिंग धरून ठेवते, शिट्टी सोडून देते. दोघींच्या भांडणातून भात होतो. रिंग जुनी, कडक झाली की वाफ कडेने फसफसायला लागते, शिट्टी रुसते आणि डाळ दाताखाली येते. अशा वेळी मराठी गृहिणी काय करते? रिंग एक-दोनदा थंड पाण्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवून बघते, आणि तरीही ऐकत नसेल तर बाजारातून नवी आणते. ती झाकणाच्या कडेला बाहेरून सिलिकॉन थापत नाही. शिट्टीच्या तोंडात एम-सील भरून ‘आता बघू कुठून गळतेय’ असंही म्हणत नाही, कारण तसं केल्यावर बघायला कोण उरेल याचा तिला अंदाज असतो. कुकरच्या बाबतीत जे ज्ञान आपल्याकडे घराघरात आहे, तेच खिडकीपाशी आलं की नाहीसं होतं. कारण उघड आहे. कुकर चुकीची शिक्षा दहा मिनिटांत देतो. खिडकी दहा वर्षं घेते. कडक मास्तरांच्या विषयात सगळी मुलं पास होतात, ते यामुळेच.

पट्टी कडक का होते, हेही पाहायला हवं, कारण तिच्यावर आळसाचा आरोप होतो तो खोटा आहे. रबर हा मुळातच संयमाने जमलेला पदार्थ. कच्चं रबर उन्हाळ्यात पाघळायचं आणि थंडीत तडकायचं. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या मदतीने त्याला माणसात आणलं. स्वतः तो कर्जापायी तुरुंगात जाऊन आला आणि १८६० साली कर्जातच मेला. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ साली निघाली, तिच्याशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. तर असं हे रबर. त्याचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात, आणि त्या साखळ्यांतले काही दुवे हवेतल्या ओझोनला फार आवडतात. ऊन आणि ओझोन मिळून ते दुवे तोडत राहतात, विशेषतः जिथे रबर ताणलेलं असेल तिथे. व्हिनाइलच्या बिडिंगमधून तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू निघून जातं. मग ती आखडते, आक्रसते आणि कोपऱ्यातून मागे सरते. लवदार खाचेतली लव झिजून टक्कल पडतं. जुन्या प्रकारच्या खाचेला आतून पोलादी कणा असतो, तो गंजून फुगतो आणि काच आवळून धरतो. आपल्याकडे ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे मोठ्या स्वाभिमानाचं वाक्य मानतात. माणसाच्या तोंडी ते कसं शोभतं याची चर्चा नको. पट्टीच्या तोंडी मात्र ते मृत्युपत्र असतं. जी वाकत होती, दबत होती, काचेच्या प्रत्येक हिसक्याला जागा देत होती, तीच पट्टी वयोमानाने तत्त्वनिष्ठ होते, आणि तिच्या तत्त्वनिष्ठेची किंमत भिंत मोजते.

भिंत ती कशी मोजते हे बाहेरून कळत नाही, हीच खरी मेख. त्या काळच्या बऱ्याच मोटरहोमच्या भिंती म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा, बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लायवूड आणि मधे ऊब धरणारं अस्तर. खिडकीतून आत गेलेलं पाणी तिथेच टपकलं असतं तर बरं झालं असतं. निदान कुणी खाली बादली ठेवली असती. ते सांगाड्याच्या पट्टीवरून चालत जातं, कोपरा गाठतं आणि तिथे मुक्काम करतं. खिडकी गळते पलंगाजवळ आणि जमीन मऊ होते मोरीजवळ. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपल्याला बचतीच्या कौतुकात शिकवली होती; मोटरहोमच्या भिंतीत ती अक्षरशः आणि बिनव्याजी खरी ठरते. भिंतींना कान असतात म्हणतात. या भिंतींना पोटही असतं, आणि ते भरल्याचं कळतं तेव्हा बाहेरच्या पत्र्याला फुगवटा आलेला असतो, आत भिंतीवर जुन्या नकाशासारखे तपकिरी डाग उठलेले असतात, आणि स्क्रू फिरवला की तो लाकडात न शिरता पिठात शिरल्यासारखा फिरत राहतो. जीएमसीची गाडी त्यातल्या त्यात नशीबवान. तिचं अंग ॲल्युमिनियम आणि फायबरग्लासचं आहे, ते कुजत नाही. पण आतल्या लाकडी जमिनीला आणि कपाटांना ही सवलत नसते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हातात सिलिकॉनची नळी घेऊनच येतो. ‘एवढा खटाटोप कशाला? बाहेरून एक रेघ ओढली की झालं.’ या आक्षेपामागची भावना मला समजते. नळी स्वस्त आहे, काम पाच मिनिटांचं आहे, आणि आंबट वासामुळे काहीतरी शास्त्रशुद्ध केल्याचं समाधान मिळतं. पण रेघ ओढली जाते चौकटीच्या कडेला, आणि पाणी शिरत असतं काचेच्या कडेने. म्हणजे गुडघा दुखतोय आणि पट्टा कोपराला बांधलाय. हुशार मालक मग आणखी बारकाईने पाहतो, त्याला खालची ती भोकं दिसतात, आणि ‘सापडलं!’ म्हणून तो तीही बुजवतो. या क्षणी खिडकीची मोरी बंद होते आणि तिची टाकी होते. पाणी बाहेर जायचं थांबतं, खाच तुडुंब भरते आणि पाणी आतल्या कडेवरून भिंतीत उतरतं. गळती वाढली म्हणून मालक दुसरी नळी आणतो. त्यातून सिलिकॉनचा स्वभाव असा, की वाळलेल्या सिलिकॉनवर दुसरं काहीही धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. म्हणजे पुढे कधी सद्बुद्धी झाली, तर आधी हे सगळं खरवडून काढायचं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात. इथे इलाजाचा वेगळा इलाज करावा लागतो. भोकं बुजवण्याचं पाप नेहमी माणसाचंच असतं असं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चिखलाची घरटी बांधणाऱ्या कुंभारमाशीला अशी भोकं फार पसंत असतात. पण ती निदान आपलं घर बांधते; मालक आपलं घर पाडत असतो.

दुसरा आक्षेप जास्त विचारी आहे. ‘खिडकी उघडायचीच कशाला? एसी आहे. काच कायमची चिकटवून टाका. ना सरकणं, ना गळणं.’ तर्क बिनतोड वाटतो, पण त्यात एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे पाणी फक्त बाहेरच असतं असं नाही. दोन माणसं रात्रभर झोपली, की श्वासातून आणि अंगातून मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात, आणि ते घोरण्यावर अवलंबून नाही. मोटरहोमची शेगडी प्रोपेन गॅसवर चालते, आणि एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. जळाल्यावर स्वतःपेक्षा वजनदार पाणी सोडणारा हा पदार्थ आहे. त्यात अमेरिकेतलं एखादं मराठी कुटुंब सुट्टीत मोटरहोम घेऊन यलोस्टोनला निघालेलं असेल, तर तिसऱ्या शिट्टीला आतल्या काचेवरून ओघळ सुरू होतात. चौकट ॲल्युमिनियमची, आणि ॲल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून अधिक सहज उष्णता वाहून नेतं, त्यामुळे थंड रात्री सगळा दमटपणा तिच्यावरच दव होऊन बसतो. सकाळी आकाश निरभ्र, आणि खिडकीच्या खाचेत पाणी! मालक पट्टीला शिव्या देतो. पाणी त्याच्याच फुप्फुसातलं असतं. हे पाणीही त्याच भोकांतून बाहेर जायचं असतं, आणि उरलेला दमटपणा उघड्या खिडकीतून. म्हणजे खिडकी कायमची बंद करणं हा गळतीवरचा उपाय नसून गळतीला घरजावई करून घेणं आहे.

मग उरतो तो पट्टी बदलण्याचाच मार्ग, आणि तो अवघड आहे अशी जी दंतकथा आहे तिचंही परीक्षण व्हायला हवं. काम असं. आतल्या बाजूची पकड-चौकट अनेक स्क्रूंनी आवळलेली असते. ते सगळे काढायचे. बाहेरून ब्युटाइलची जुनी फीत पातळ पात्याने कापत जायची. यावेळी बाहेर एक माणूस दोन्ही हात लावून उभा हवा, कारण खिडकी पन्नास वर्षं न हलता बसलेली असली तरी एकदा सुटली की तिला घाई होते. आणि काच कडक केलेली असल्याने ती फुटते तेव्हा साबुदाण्यासारखी फुटते, व नवी काच घरी कापून बसवता येत नाही. मग चौकट घोंगडीवर आडवी ठेवायची, मधला उभा दांडा काढायचा, काच बाहेर घ्यायची आणि जुनी पट्टी उपसायची. उपसताना जे निघतं त्यात वाळू असते, शेवाळ असतं, मेलेल्या माश्या असतात आणि एखाद्या माजी मालकाच्या मुलाने सरकवून ठेवलेलं नाणंही असू शकतं. निम्म्याहून अधिक वेळ साफसफाईत जातो. भोकं तारेने मोकळी करायची. काचेची जाडी मोजून, त्या जाडीचीच खाच आणायची. ‘साधारण तेवढीच’ हे मोजमाप भाजी घेताना ठीक आहे, इथे नाही, कारण मिलिमीटरभर फरकात काच एकतर खडखडते नाहीतर हलतच नाही. गोल कोपऱ्यात खाचेला मागून बारीक छेद द्यायचे म्हणजे ती वळते. भोकांच्या जागा झाकल्या जाणार नाहीत हे बघायचं. रबर साबणाच्या पाण्याने ओलं करून बसवायचं, आणि सर्वांत महत्त्वाचं, ते ओढून पुरवायचं नाही. ओढलेली पट्टी त्या दिवशी पुरते आणि महिन्याभरात आखडून कोपरा उघडा टाकते. शिवाय ताणलेल्या रबरालाच ओझोन आधी गाठतो. उलट किंचित जास्त लांबीची घेऊन, दाबून बसवायची. ऐपतीबाहेर ओढून केलेल्या लग्नाचंही ओढलेल्या पट्टीसारखंच असतं, पण म्हणीतल्या लग्नाचा उल्लेख एकदा झाला तेवढा पुरे.

तिसरा आक्षेप हिशेबी माणसाचा. ‘एका खिडकीला एक दिवस, आणि खिडक्या सात-आठ. जुन्या गाडीवर एवढी मेहनत म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्यापेक्षा नवी गाडी घ्या.’ यात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे मोती कोण आणि नाक कोण याचाच गोंधळ आहे. सगळ्या कामात पट्टीची किंमत सर्वांत कमी. पैसा नव्हे, लक्ष द्यावं लागतं, आणि लक्ष ही गोष्ट हप्त्यांवर मिळत नाही. दुसरी चूक अशी, की नव्या गाडीच्या सरकत्या खिडकीतही पट्टीच असते. रबर आता ईपीडीएमचं येतं. त्याच्या रेणूंच्या मुख्य साखळीत ओझोनला आवडणारे दुवे नसतात, त्यामुळे ते ऊन-वारा कितीतरी अधिक काळ सोसतं. पण ‘अधिक काळ’ म्हणजे ‘कायम’ नव्हे. नवी गाडी घेणारा पट्टीच्या प्रश्नातून सुटत नाही. तो फक्त प्रश्नपत्रिकेची तारीख पुढे ढकलतो. आपल्या राज्याने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर चाकांवरची घरं वाढतील तेव्हा त्यांच्या खिडक्यांची गाठ कोकणातल्या जुलैशी पडणार आहे. आणि ज्यांची घरं चाकांवर नाहीत त्यांनीही हसू नये. विसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या तीन ट्रॅकच्या खिडकीत तीच लव, तीच खाच आणि तीच भोकं असतात. आणि दर पावसाळ्यात त्या खाचेत जुना टॉवेल कोंबून ठेवणारा गृहस्थ हा सिलिकॉनवाल्याचा सख्खा मावसभाऊ आहे.

शेवटचा आक्षेप तुच्छतेचा. ‘एवढीशी पट्टी, तिच्यावर एवढं बोलायचं?’ याला विनोदाने उत्तर देता येत नाही, म्हणून इथे क्षणभर विनोद बाजूला ठेवतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकन अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि त्यातले सातही अंतराळवीर गेले. कारण शोधता शोधता बोट येऊन थांबलं ते अग्निबाणाच्या सांध्यातल्या एका रबरी कड्यावर. त्या सकाळच्या गारठ्यात ते कडक झालं होतं, आणि सांधा हलला तेव्हा त्याला वेळेवर फुगून जागा भरता आली नाही. चौकशीच्या जाहीर बैठकीत रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने त्याच रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून सोडला, आणि तो लगेच पूर्ववत होत नाही हे सगळ्यांना दाखवलं. जगातल्या अत्यंत गुंतागुंतीच्या यंत्राबद्दलचा तो सर्वांत सोपा प्रयोग असेल: एक पेला, थोडं बर्फ आणि न वाकणारं रबर. मोटरहोमच्या खिडकीवर कुणाचे प्राण अवलंबून नसतात, हे खरं. पण नियम एकच आहे. दोन कडक गोष्टी एकमेकींशेजारी नांदायच्या असतील, तर मधे एक तरी मऊ लागते, आणि ती मऊ राहिली आहे का हे कुणीतरी अधूनमधून बोट लावून बघावं लागतं.

काम नीट झालं की नाही याची परीक्षाही त्याच पठडीतली, म्हणजे साधी आणि उलट्या डोक्याची. खिडकी परत बसवल्यावर बाहेरून पाण्याचा पाइप लावायचा, वर-खाली, कोपऱ्यात, दहा मिनिटं. आत एकाने कोरड्या कागदाचा तुकडा घेऊन बसायचं. कागद कोरडा राहिला, एवढ्यावर खूश व्हायचं नाही. बाहेरच्या भोकांकडे बघायचं. तिथून बारीक धार लागली पाहिजे. धार लागली, म्हणजे पट्टीने जेवढं सोडायचं तेवढं सोडलं, खाचेने जेवढं धरायचं तेवढं धरलं आणि मोरीने आपलं काम केलं. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या तळावरचा एखादा भला गृहस्थ हातात कॉफी घेऊन येईल, धारेकडे बघेल आणि कळवळून म्हणेल, ‘अहो, तुमची खिडकी गळतेय की!’ त्याच्या खिशात सिलिकॉनची नळी असण्याची दाट शक्यता आहे. त्याला प्रेमाने कॉफी संपवू द्यावी, नळीला मात्र हात लावू देऊ नये.